राठ शब्दाचा तिसरा साक्षीदार

डोळे मिटा. एका हातात उन्हात वाळून कडक झालेला जुना टॉवेल घ्या, दुसऱ्या हातात पॉलिश पेपर. दोन्ही बोचतात. आता दोघांना दोन वेगळे शब्द द्या आणि ते वेगळे का, हे एका ओळीत लिहा. पाच मिनिटांत वैतागाल.

माझी मावशी हे काम सव्वीस वर्षं करते आहे. शब्दकोशाच्या कचेरीत खिडकीपाशी तिचं टेबल आहे. गेले चार महिने ती 'राठ'पाशी अडली होती. जुन्या आवृत्तीत त्या शब्दापुढे एवढंच छापलंय : 'खरखरीत पहा.' व्युत्पत्तीच्या जागी नुसती रेघ.

"पहा काय पहा!" मावशी चिडायची. "खरखरीतपणा वरचा असतो. घासला की जातो. राठपणा अंगातच मुरलेला. राठ केसांना कितीही तेल लाव, ढिम्म हलत नाहीत. माणसांचंही तेच."

पण कचेरीचा नियम कडक. नवा अर्थ छापायचा तर तीन वेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या तोंडून तो शब्द आपसूक यायला हवा. विचारणाऱ्याने तो आधी उच्चारला, तर त्या नोंदीचं कार्ड बाद. शिंप्याने एका कापडाला राठ म्हटलं होतं, न्हाव्याने एका गिऱ्हाइकाच्या केसांना. तिसरा मिळत नव्हता. शुक्रवारी पानं छापायला जाणार होती. पुढची आवृत्ती निघेपर्यंत मावशी निवृत्त झालेली असणार.

गुरुवारी ती मला घेऊन एका सुताराकडे गेली. मिस्त्री एका फळीवर रंधा मारत होते आणि रंधा अडत होता.

"काय हो मिस्त्री, कसं आहे लाकूड?"

"हरामखोर आहे."

मावशीने पेन उघडलं, बंद केलं. "म्हणजे कसं?"

"सासऱ्यासारखं. वाकत नाही, ऐकत नाही."

"हाताला कसं लागतं?"

"तुम्हीच लावून बघा की ताई. फुकट आहे."

तासभर हेच चाललं. लाकूड अडेल झालं, मुर्दाड झालं, एकदा तर सरकारी झालं. हवा तो शब्द काही येईना. मावशीचा चेहरा लाल होत गेला. शेवटी तिचा तोल सुटला. "अहो, राठ म्हणा ना एकदाचं!"

"राठच तर आहे!" मिस्त्री म्हणाले. "आम्ही राठच म्हणतो. मला वाटलं, तुम्हाला शुद्ध काहीतरी हवंय."

मावशी मटकन स्टुलावर बसली. मिस्त्रींना वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी दिलं आणि बोलत राहिले. "पण माझे वडील ओल्या लाकडाला कधी राठ म्हणायचे नाहीत. नुसता पाला असला तरी, रस आटला की म्हणायचे, हा राठला."

राठला! क्रियापद! मूळ कुठे शोधायचं, त्याचा पहिला धागा. आणि तो बाद झालेल्या कार्डावर.

परतताना मी म्हणालो, "मावशी, लिहून टाक. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, मूर्खा."

तिने कार्डाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : 'शब्द प्रथम मी उच्चारला.' संपादकांनी, ज्यांना कचेरीत सगळे पाठीमागे 'कात्री' म्हणतात, ते वाचलं आणि कार्ड परत सरकवलं. "नियम तुम्हीच नव्या मुलांना शिकवता, बाई."

शुक्रवारी पान गेलं. राठ : खरखरीत पहा.

घरी आल्यावर मावशी जेवली नाही. भांडी जोरजोरात घासत राहिली. मध्येच नळ बंद करून माझ्याकडे वळली.

"रस आटल्यावर राठला म्हणायचे, ठीक. पण आपण राठ आवाज असंही म्हणतोच की. मग ज्याच्यात मुळात रसच नाही, त्या आवाजाला राठ पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल रे?"