फोडणी ऐकून घेतलेला इयरफोन

माझ्या नणंदेला पंधरा दिवसांच्या बोलीवर काम मिळालं होतं. रक्त तपासणाऱ्या एका लॅबचे फोन घरून घ्यायचे. कुणाकडे किती वाजता माणूस पाठवायचा, रक्त उपाशीपोटी द्यायचं की जेवून, पत्ता काय, एवढं विचारून लिहून घ्यायचं. सकाळी सात ते दुपारी दोन. पंधरा दिवस नीट गेले तर पक्की, नाहीतर राम राम. चार वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून हैदराबादेत चिक्कडपल्लीला आमच्याकडे आली, तेव्हापासून तिच्या हातात स्वतःचा पैसा नव्हता. मोबाईलच्या रिचार्जलाही भावाला सांगावं लागायचं, ते तिला फार लागायचं. म्हणून हे काम राहावं असं आम्हा दोघींना वाटत होतं. ती बोलायची, मी बोलत नव्हते, एवढंच.

चार दिवसांतच कळलं की काही खरं नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. ती प्रत्येकाला "मळ्ली चेप्पंडी, मळ्ली चेप्पंडी" म्हणायची, म्हणजे परत सांगा, परत सांगा. पलीकडची माणसं आजारी, घाईतली. लोक चिडायचे. लॅबच्या मॅडमचा फोन आला आणि त्यांनी गोड शब्दांत सांगितलं की या कामाला कान तिखट लागतो.

आमचे हे म्हणाले, तिला कानाच्या डॉक्टरला दाखवू या. ती म्हणाली, सासूचं ऐकून ऐकून माझे कान किटलेत, डॉक्टर काय काढणार त्यातून? सगळे हसलो. पण मनातून आपले कान गेले असं तिला वाटायला लागलं होतं.

मला ते पटत नव्हतं. मागच्या खोलीत बसून माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई ती. मी विसरले तर तीच ओरडून सांगते. म्हणून एका दुपारी ती जेवत असताना मी तिचा इयरफोन माझ्या फोनला लावला. गौलीगुड्याच्या बसस्टँडजवळ हातगाडीवर घेतलेला होता तो.

माझ्या फोनमध्ये ऐकायला दुसरं काही नाही, माझ्याच पाककृती आहेत. माझी मुलगी पुण्याला दिली आहे. ती पदार्थ कसे करायचे ते विचारते. मी चौथीपर्यंत शिकलेली, फोनवर एवढंसं लिहायला मला अर्धा तास लागतो, म्हणून बोलून पाठवते. बोलताना फोन शेगडीजवळच ठेवते. मोहरी तडतडून थांबली की मग जिरं, हे सांगून कळत नाही, ऐकावं लागतं. तर मी आंबट वरणाची फोडणी ऐकायला लावली. मोहरी तडतडतच नव्हती. कुणीतरी फरशीवरून गोणपाट ओढतंय असं वाटत होतं. आणि माझा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

मी तिला म्हटलं, वन्सं, कान चांगले आहेत तुमचे, हे वाईट आहे. ती म्हणाली, स्वस्तातले सगळे असेच असतात वहिनी.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नारायणगुड्याला गेले. ती फोन घेत होती, हे कामावर होते. चारशेच्या आत बघ, असं यांनी सांगितलं होतं. मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मी बाजूच्या चपलांच्या दुकानापाशी उभी राहिले, रिकामं झाल्यावर आत गेले. दुकानदार उतारवयाचे होते. त्यांनी एक इयरफोन पुढे केला आणि आपल्या फोनवर ढोलाचं गाणं लावलं.

"बेस देखो अम्मा, दिल हिल जाता."

हललं खरं. पण त्या धडधडीत कुणाचा पत्ता ऐकायचा नव्हता आम्हाला. मी माझा फोन पुढे केला. त्यांनी वायर त्यात लावली. मी डोळे मिटून ऐकलं. या इयरफोनात माझी कढई खोल विहिरीत होती. दुसरा दिला. त्यात उलटं, प्रत्येक मोहरी ताटावर चमचा आपटल्यासारखी कानात टोचत होती, आणि माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या पत्र्याच्या वाजत होत्या. दिवसाचे सात तास असं ऐकून माणूस वेडं होईल. तिसरा अगदी पोकळ वाटला, आवाजात जीवच नाही. तो मी परत ठेवायला लागले तर ते म्हणाले, रुको, कान छोटा है आपका. त्यांनी त्याची रबरी टोपी काढून लहान बसवली आणि नीट आत घालायला सांगितलं.

मग मात्र माझं घर ऐकू आलं. मोहरी वेगळी, जिरं पडल्याचा चर्र आवाज वेगळा. बांगड्या काचेच्या. मागे शेजारणीचा नळ चालू होता, तोही. ढोलासाठी कुणी हा घेणार नाही, पण माझा शब्द न् शब्द सुटा होता.

"क्या सुन रे अम्मा इतना?" त्यांनी विचारलं.

मला लाज वाटली. हळूच फोडणीचं इथलं नाव सांगितलं, "बगार."

त्यांनी इयरफोनचं एक बोंड माझ्याकडून घेऊन स्वतःच्या कानात घातलं. थोडा वेळ ऐकलं.

"हौ. राई जल गई तुम्हारी," ते म्हणाले.

त्या दिवशी मोहरी खरंच जळली होती. मुलीला मी सांगितलं नव्हतं.

इयरफोन घेऊन घरी आले. नणंदेच्या कानाला मधल्या मापाची टोपी बसली. दुसऱ्या सकाळी मी भाकरी थापत कान लावून होते. मळ्ली चेप्पंडी एकदाही नाही. लोकांचे पत्ते ती भराभर लिहीत होती, मध्ये एका म्हातारीशी तिच्या गुडघ्याबद्दलही बोलली. दोन वाजता बाहेर येऊन म्हणाली, वहिनी, मला वाटलं होतं मी बहिरी झाले. माझ्या हातची भाकरी तिनं त्या दिवशी तीन वेळा मागितली.

दोनच दिवस सुख लागलं. बाराव्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन. आता तिला ऐकू येतं, पण लोकांना ती ऐकू येत नाही. बोलताना खरखर होते म्हणून तिघांनी तक्रार केली. नणंद स्टुलावर बसली आणि म्हणाली, जाऊ द्या, माझ्या नशिबातच नाही.

मला माझाच राग आला. मी कानात काय येतं तेवढंच पाहिलं होतं. वायरवर बारीक डबी असते, तिच्यात माईक असतो, आपला आवाज तिथून जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुकानात मी तोंड उघडून एक शब्द त्यात बोलून पाहिला नव्हता. बोलायचं असतं तिथे माझं असंच होतं.

संध्याकाळी यांचा फोन घेऊन मी गच्चीवर गेले आणि खालून नणंदेला बोलत राहायला सांगितलं. काय बोलू, ती म्हणाली. काहीही बोला, म्हटलं. तिनं भाज्यांचे भाव सांगायला सुरुवात केली. वांगी, दोडका स्वच्छ ऐकू आले. मग एकदम खर्र, मग पुन्हा स्वच्छ. मी म्हटलं, मान हलवू नका. खरखर थांबली. आता हलवा. आली. मी खाली उतरून दारात उभी राहिले आणि पाहिलं. जुन्या इयरफोनची डबी वर हनुवटीपाशी असायची, याची डबी बरोबर तिच्या मंगळसूत्रावर लोंबत होती. काळे मणी, मध्ये इथल्या पद्धतीची पोवळी. मान जराशी वळली की डबी मण्यांवरून घासत जायची.

तिचा नवरा दुसरी बाई घेऊन राहतो हे सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांत त्याचा एक फोन नाही. पण मंगळसूत्राविषयी घरात कुणी कधी बोललं नाही. यांनी नाही, मी नाही, तिनंही नाही. आणि आता ते मी सांगायचं.

मी सांगितलं नाही. डबी टाचणीनं खांद्यावर अडकवली, तर वायर अपुरी पडून कानातून निसटली. तिच्या ओढणीची घडी करून मध्ये ठेवली, तर ओढणीच घासली. सकाळी मी तिसरा उपाय घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, वहिनी, तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. काल गच्चीवरून आल्यापासून तोंड बघतेय तुमचं.

"डबी मण्यांना घासते, वन्सं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी टाचणीकडे बघत होते.

"रात्रीच का नाही सांगितलं?"

"सांगवलं नाही."

तिनं गळ्यातले मणी बोटांत धरले. मग म्हणाली, "चार वर्षं त्याचा आवाज नाही, आणि याचा आवाज सगळ्या हैदराबादला ऐकवतेय मी." आणि हसली. मला हसू आलं नाही, पण ती खरोखरच हसत होती. सात वाजायला पाच मिनिटं होती. तिनं हात मागे नेऊन फासा काढला, मंगळसूत्र रुमालात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलं आणि इयरफोन कानात घातला.

नऊच्या सुमाराला हे डबा घ्यायला आत आले. येताना त्यांनी तिच्या खोलीत पाहिलं असावं. स्वयंपाकघराच्या दारात थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना उत्तर असं फारसं दिलेलं नाही.

"काम चालू आहे त्यांचं," मी म्हटलं.

हे डबा घेऊन गेले.

पंधराव्या दिवशी मॅडमनी तिला ठेवून घेतलं. आता सात ते दोन तिचा गळा मोकळा असतो. दोन वाजता ती खण उघडते आणि मंगळसूत्र परत घालते. कधी जेवून मग घालते. परवा मी कपडे वाळत घालून आले तर चार वाजून गेले होते, ती खिडकीशी बसून कुणाशी तरी फोनवर हसत होती, आणि खण तसाच बंद होता. मी चहा टाकला.