मे महिन्याच्या तीन नोंदी

विजयाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या सुलतान बाजारात मुलाखतीसाठी शर्टाचं कापड बघत होतो. त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, एवढंच म्हणाले, "अरे, चहा घेता घेता गेली रे..." समोर दुकानदार "लेते क्या साब?" म्हणून विचारत होता. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही. मनात आलं, सुटलो. दुःख नंतर आलं, ऑटोत बसल्यावर, आणि त्याच्यासोबत स्वतःची शिसारीही.

ताई माझ्या पीएच.डी.च्या गाइड. माहेर पुण्याचं, पण इतक्या वर्षांत बोलणं पक्कं हैदराबादी झालेलं. मॅडम म्हटलं की म्हणायच्या, "मॅडम कैकू? ताई म्हण की." तारनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघांनी बोअरच्या पाण्यातलं, दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड स्वस्तात मोजायची पद्धत काढली. पाण्यात थेंबभर रंग टाकायचा, तो कसा बदलतो ते बघायचं, बस्स. तो शोधनिबंध चालला. मातीचा अभ्यास करणारे, माशांचा अभ्यास करणारे, दातांचे डॉक्टर, सगळे त्याचा आधार घेऊ लागले. दुसऱ्यानं असा आधार घेतला की आम्ही त्याला सायटेशन म्हणतो, आणि आमच्यात माणसाची किंमत त्यावरच ठरते. बाकीचे आकडा बघून खूश होतात. ताई मात्र आपला उल्लेख असलेला प्रत्येक लेख पेन्सिल घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचायच्या. मी चिडवायचो, "ताई, आकडा बघा अन् पेढे वाटा, वाचता कशाला?" त्या म्हणायच्या, "अरे बाबा, जिथं जिथं आपलं नाव छापलंय, तिथं तिथं कुणीतरी ते पाणी पितंय."

या उन्हाळ्यात त्यांनी असाच एक लेख वाचला आणि मला बोलावून घेतलं. एका शाळेचं पाणी आमच्या पद्धतीनं भर मे महिन्यात तपासलं होतं. चांगलं निघालं, पोरं पीत राहिली. पुढे मोठ्या यंत्रावर तेच पाणी वाईट निघालं. कडक उन्हात आमचा रंग फसवत होता.

"आपल्या लेखातल्या मे महिन्याच्या नोंदी तूच घेतल्या होत्यास ना?"

"हो, ताई."

"मग आपल्याला कसं नाही दिसलं हे?"

मी सांगून टाकलं. दिसलं होतं. तीन नोंदी जुळत नव्हत्या, मला वाटलं रंगच जुना झाला असेल, आणि पदवीची घाई होती... मी त्या गाळून टाकल्या, ताईंना न विचारता. ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उद्याच नियतकालिकाला दुरुस्ती पाठवू."

माझी प्राध्यापकपदाची मुलाखत महिन्यावर आली होती आणि माझ्या फायलीत वजनाचा असा तो एकच लेख. मी अक्षरशः हात जोडले. "ताई, एक महिना थांबा ना."

"आणि ती पोरं? त्यांना सांगू का, महिनाभर पाणी पिऊ नका म्हणून? हे एक गाव कळलं रे, बाकीची?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "थांबते. पण महिना म्हणजे महिनाच." त्यानंतर व्हरांड्यात भेटल्या की एकच प्रश्न, "आज कितवा दिवस?" त्यांचा डबा तसाच परत जायला लागला. तो प्रश्न चुकवायला मी मागच्या जिन्यानं ये-जा करू लागलो. लाज वाटते लिहिताना, पण केलं तसंच. एकोणिसाव्या दिवशी ताई गेल्या.

आठवड्याभरानं त्यांच्या बरकतपुऱ्याच्या घरी गेलो, तर भाऊजींनी ताईंचा कॉम्प्युटर उघडून दिला. "तुझ्यासाठी काही ठेवलंय म्हणत होती, बघ." दुरुस्तीचा मजकूर तयार होता. त्यात एक वाक्य होतं: उन्हाळी नोंदींमधली तफावत तपासण्यात पहिल्या लेखिकेची चूक झाली. पहिली लेखिका म्हणजे ताई. त्या चुकीत माझं नाव कुठंच नव्हतं. मी लहान पोरासारखा रडलो. भाऊजींनी पाणी आणून दिलं.

"परवा मुलाखत ना तुझी?" ते म्हणाले. "हवं तर नंतर पाठव बाबा. तिला काय कळणार आहे आता..."

खरंच, कुणालाच कळलं नसतं. मी खुर्ची पुढे ओढली, ताईंचं ते वाक्य खोडलं आणि त्या जागी तीन नोंदी कुणी गाळल्या ते लिहिलं. पाठवायच्या आधी नियतकालिकाचा अर्ज भरायचा होता. सगळ्या लेखकांची संमती आहे का, असा शेवटचा प्रश्न होता. ताईंच्या नावासमोर मी लिहिलं: यांचं निधन झालं आहे. यांची संमती पहिल्या दिवसापासून होती. उशीर माझ्यामुळे झाला.