दुभाषा पहिल्याच सुईला पडला

मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. एक परदेशी मदत-संस्था क्षयाची लस घेऊन आमच्या सियागंज पेठेत आली आणि मी हौसेने दुभाषा झालो. लोकांची भीती जावी म्हणून पहिली सुई मीच टोचून घेतली आणि भर रांगेसमोर चक्कर येऊन पडलो. डोळे उघडले, तर बाया पोरांना उचलून घराकडे निघालेल्या.

गोऱ्या नर्सबाईंनी फुंकरीने कपाळावरची बट उडवली आणि टोपीने मला वारा घालत बायांना म्हटलं, "आदमी है, इसलिए गिरा. आप लोग तो बच्चा पैदा करता है."

बाया पदराआड हसत रांगेत परतल्या. दुभाष्याची गरजच उरली नाही.

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "उद्या भी जा नि पडा. आपली गल्ली अजून बाकी आहे."