शेकलेलं केळीचं पान

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे लिहून झाल्यावरही नसेल. अमावस्या, वडाचं झाड, पांढरी साडी असलं वाचून घाबरायची हौस असणाऱ्यांनी दुसरीकडे जावं... माझ्याकडे फक्त भर दुपार आहे आणि एक केळीचं पान.

मी भोरच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. त्वचेचे पेशंट माझ्याच गळ्यात पडतात, कारण बाकीच्यांना किळस येते. गेल्या उन्हाळ्यात हिर्डोशीच्या वरच्या वाडीतून ठकूबाई आली. साठी उलटलेली, जन्मभर शेळ्या राखलेली बाई. अंगभर फोड, फुटले की कातडी सोलवटायची. या आजारात चादर पाठीला चिकटते आणि सुटताना कातडी घेऊनच सुटते. म्हणून आम्ही केळीचं पान धुऊन, पुसून, खोबरेल लावून त्यावर पेशंटला झोपवतो.

हा आजार शिवल्याने होत नाही, हे मी तिच्या मुलाला सतराशे साठ वेळा सांगितलं. पण बबनराव तोंडावर रुमाल धरून दारातूनच बोलायचे. सूनबाई तर जिनासुद्धा चढल्या नाहीत.

"देवीचा कोप हाय सिस्टरबाई. आमी हात लावला तर आमच्यावर यील," हे बबनरावांचं ठरलेलं वाक्य.

आई हे पडल्या पडल्या ऐकायची. एकदा मला म्हणाली, "औषिद तुमी लावताय, लई उपकार हायेत. पर माझ्या मानसाचा हात लागावा वाटतो वो." मला त्या दोघांचा संताप आला, एवढंच.

त्या दुपारी भेटायची वेळ संपली होती. खोलीला दार एकच, आणि व्हरांड्यातला नळ बरोबर त्याच्यासमोर. मी तिथे उभी राहून नवीन पान धूत होते. आत कुणी गेलं नाही... माझे डोळे शाबूत आहेत.

आत गेले तर ठकूबाईच्या अंगाखाली दुसरंच ताजं पान. मधला दांडा काढलेला, विस्तवावर शेकून मऊ केलेलं, धुराचा वास येणारं. पाठीवर नुकताच तेलाचा हात फिरलेला. आम्ही पान कधी शेकत नाही, आणि दवाखान्यात चूल कुठून येणार?

"कुणी बदललं हे?"

"थोरल्या जाऊबाई आल्या हुत्या," ती शांतपणे म्हणाली. "मी भाजले हुते तवा बी त्यांनी आसंच पान शेकून घातलं हुतं."

"कुठे आहेत त्या?"

"त्यांना जाऊन लई वर्सं झाली."

मी मावशींना झापलं, वॉचमनला झापलं. कुणालाच काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी बबनला सांगितलं. वाटलं, ऐकून तरी लाजेल. पण डॉक्टरांचं एक अक्षर न पटलेल्या या गृहस्थाला हे क्षणात पटलं. रुमालासकट हात जोडून म्हणाला, "मंग काळजी न्हाई. थोरली आय बघंल तिचं." आईचं करायला मेलेली बाई मिळाली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

डिस्चार्जच्या दिवशी टेम्पो आला. हौद्यात ठकूबाई एकटी, नवराबायको पुढे. रोज पाठीला लावा म्हणून तेलाची बाटली मी बबनच्या हातात कोंबली.

पावसाळा संपल्यावर ते तपासणीला आले. ठकूबाईची पाठ सुकलेली, स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण. असेलही.

"तेल कोण लावतं?" मी बबनला विचारलं.

"आमी न्हाई बा. पडवीत तिच्यापाशी पान अन् बाटली ठिवतो, अन् दार लावून घेतो."

मी ठकूबाईला हात मागे न्यायला सांगितलं. खांदे आखडलेले, हात कमरेच्या वर जाईना. मग मीच तिच्या पाठीच्या मधोमध बोट टेकवलं. तेल होतं. बोटाला धुराचा वास आला.

याचं उत्तर मला तेव्हा सापडलं नाही, आजही सापडलेलं नाही. आणि कुणी अंगात येणाऱ्यांचे पत्ते पाठवू नयेत, ते मी फाडून टाकीन.

ठकूबाईने पदर सावरला आणि हसली. "माझ्या मानसाचा हात हाय सिस्टरबाई," म्हणाली.

बबन तेव्हाही रुमाल धरून दारातच उभा होता.