दोन याद्यांवरची सही

गुलबर्ग्याच्या स्टेशनकडून कॉलेजकडं जाताना उजव्या हाताला एक वस्ती लागायची. कागदावर तिचं काहीतरी वेगळं नाव होतं, पण टांगेवाल्याला "पोरांच्या वस्तीत सोड" म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा. मी इंटरला तिथं आलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. गाव करजगी, अफजलपूर तालुक्यातलं. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, बापानं ती विकून कोरडवाहू जमीन कसली, आणि पेटीत पुस्तकं घालून घराबाहेर पडलेला मी पहिलाच.

वस्तीतली घरं शहाबादी फरशीची, बुटकी, एकाला एक लागून. एकेका खोलीत तीन-तीन, चार-चार पोरं. साऱ्या गल्लीत लहान लेकराचं रडणं ऐकू यायचं नाही. कुठल्या दारात रांगोळी नाही, बाजेवर खोकणारं म्हातारं माणूस नाही. दोऱ्यांवर पायजमे आणि बनियन वाळत असायचे. दुकानात शाई, कंदिलाच्या काचा, विड्या आणि डोक्याला लावायचं वासाचं तेल, एवढंच मिळायचं. बांगड्या किंवा खुळखुळा हवा असेल तर शहरात जावं लागे. परीक्षा झाल्या की वस्ती ओस पडे, गल्लीतली कुत्रीसुद्धा वाळून जात. जूनमध्ये नव्या पेट्या, नवे चेहरे यायचे.

कायमचं राहायला तिथं कुणीच आलेलं नव्हतं आणि ते आमच्या चालण्याबोलण्यातही उतरलं होतं. पोरं बसून वाचत नसत, पुस्तक हातात धरून लिंबांच्या रांगेतून येरझारा घालत. संध्याकाळी टोळकं करून स्टेशनवर जायचं, मद्रासची गाडी बघायची आणि परत यायचं. कुणाला आणायला नाही की पोचवायला नाही, नुसती गाडी जाताना बघायची. मलाही तीच सवय लागली. गावाकडं चार तास बांधावर न हलता बसणारा मी, इथं अर्धा तास एका जागी बसू शकत नव्हतो. पाठ केलेलं डोक्यात राहत नव्हतं. रात्री वाटायचं सकाळ व्हावी, सकाळी वाटायचं सुट्टी लागावी, आणि सुट्टीत गावाकडं गेलो की चौथ्या दिवशी वस्तीची ओढ लागायची.

माझ्या खोलीत उदगीरकडचा एक मुलगा होता. उंच, काळासावळा, आवाज असा की खोलीत कुजबुजला तरी गल्लीत ऐकू जावं. मला सायकल शिकवली ती त्यानंच. ताप आला तेव्हा डोक्यावर ओलं फडकं ठेवून तो रात्रभर उशाशी बसला होता. समोरच्या घरात यादगीरकडचा एक कन्नड मुलगा राहायचा. तो हुशार, माझं गणित कच्चं, ते तो समजावून द्यायचा. हे दोघं एकमेकांशी दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत, बोलायचे, कारण एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती. मला दोन्ही यायच्या. आईचं माहेर भीमेच्या पलीकडलं, कन्नड बोलणाऱ्या गावातलं. बापाच्या घरात मराठी. दोघांचं अडलं की मी मध्ये पडायचो, आणि खरं सांगतो, मला त्यात मोठेपणा वाटायचा.

आम्ही तिघंही अक्काच्या खानावळीत जेवायचो. अक्का मूळची बसवकल्याणकडं मंठाळची. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि तोंड सदा चालू. एका वाक्यात अर्धं मराठी, अर्धं कन्नड. नवरा नव्हता, मूल नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं माझी जात विचारली, गाव विचारलं, आई आहे का ते विचारलं आणि मगच ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगांची चटणी, एखाद्या दिवशी अंबाडीची भाजी. जास्त झाली म्हटलं तरी ती आणखी एक भाकरी ताटात टाकायचीच.

दुसऱ्या वर्षी, छप्पन सालची संक्रांत झाली त्या सुमारास, हैदराबाद राज्याचे तुकडे कसे पडणार, कुठला तालुका कुणाला जाणार याच्या बातम्या रोज यायला लागल्या. एका वर्तमानपत्रावर वीस-वीस पोरं वाकायची. भिंतीवर चुन्यानं घोषणा उमटल्या, दुसऱ्या दिवशी त्यावर डांबर. मग याद्या निघाल्या. मराठी पोरांनी अर्ज केला, अमुक गावं मराठी राज्यात घाला. कन्नड पोरांनी त्याच गावांसाठी उलटा अर्ज केला. आणि दोघांनाही सरहद्दीवरच्या गावातल्या पोरांच्या सह्या हव्या होत्या.

माझा खोलीतला दोस्त कागद घेऊन माझ्यापुढं बसला. "हितं सही कर. तुझं गाव सरहद्दीचं हाय. तुझ्या सहीला वजन हाय."

मी केली.

चार दिवसांनी तो आंघोळीला गेलेला असताना यादगीरचा मुलगा आला. गणिताची वही आणली असेल असं मला वाटलं. त्यानं कागद पुढं केला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "तुझ्या आईची भाषा आहे ना ही? मग कर." मी बाहेर नळाकडं बघितलं. पाण्याचा आवाज थांबला होता, दोस्त कुठल्याही क्षणी आत आला असता. मी घाईघाईनं सही केली. आईची भाषा बोलता येत होती, पण तिची अक्षरं मला येत नव्हती. म्हणून इंग्रजीत केली.

पुढचे आठ-दहा दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. कुणी हाक मारली की न ऐकल्यासारखं करून पुढं जायचो. गाडी बघायला गेलो की घोळक्याच्या कडेला उभा राहायचो.

फुटलं ते चहाच्या हॉटेलात. सकाळची वेळ, बाकं भरलेली. दोन्हीकडची पोरं गावांची नावं घेऊन वाद घालत होती. माझा दोस्त त्याच्या त्या आवाजात ओरडला, "करजगी आमचंच! करजगीच्या पोराची सही हाय आमच्याकडं!"

पलीकडून यादगीरचा मुलगा उठला. "हमारे पास भी है मियाँ, करजगी की!"

साऱ्या वस्तीत करजगीचा मी एकटा. हॉटेलातल्या तीस-चाळीस माना माझ्याकडं वळल्या. माझ्या हातात बशी होती. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

खोलीवर आल्यावर दोस्तानं दार लोटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला.

"दोन्हीकडं सही केलास?"

"व्हय."

"कामून?"

"आई कन्नड, बाप मराठी..."

"ते मला ठाव हाय. तू मला सांगितलास कामून न्हाई? तिकडं सही करून हितं माझ्या शेजारी निजायलास!"

आई-बापाचं मी पुढं केलं, पण त्या दोन्ही सह्यांच्या वेळी मला ना आई आठवली होती ना बाप. पुढं बसलेल्या माणसाला नाही म्हणायची मला भीती वाटली होती. एवढंच खरं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी अक्काकडं गेलो तर पोरं दोन पंगतींत बसलेली. एरवी जो येईल तो जागा बघून टेकायचा. आज या भिंतीला मराठी, त्या भिंतीला कन्नड, मध्ये मोकळी फरशी. मी तांब्या घेऊन दारात उभा राहिलो. या बाजूनं कुणी सरकलं नाही, त्या बाजूनंही नाही. यादगीरच्या मुलानं मान खाली घातली. माझा दोस्त भिंतीकडं बघत होता.

अक्का भाकरी थापत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग या भिंतीकडं, मग त्या भिंतीकडं. हातातली भाकरी तिनं परत पिठात मोडली. चुलीतली लाकडं ओढली आणि त्यांच्यावर पाणी मारलं. धूर साऱ्या खोलीत भरला.

"आज जेवण न्हाई," ती म्हणाली. "उद्याबी न्हाई. उठा."

तीन दिवस चूल पेटली नाही. ज्यांना जमलं ते शहरातल्या हॉटेलात गेले. बाकीच्यांनी चुरमुरे आणि शेंगदाण्यांवर दिवस काढले. भुकेनं कुणी शहाणं झालं नाही, उलट चिडचिड वाढली. "बाईला एवढा काय माज," असं मी दोन्ही भाषांत ऐकलं. माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं. मी कॉलेजला जायचो, पहिला तास झाला की उठून यायचो, वस्तीला फेरी मारायचो, परत जायचो.

चौथ्या दिवशी सकाळी दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस पोरं अक्काच्या अंगणात गेली. मी मागं उभा राहिलो. अक्का सुपात डाळ निवडत होती. माझ्या दोस्तानंच तोंड उघडलं.

"अक्का, भांडण आमचं हाय. तू चूल कामून बंद केलीस?"

तिनं मान वर केली नाही. खडे बाजूला काढत सांगायला लागली.

"मंठाळला माझ्या घराला लागून एका मुसलमान पिंजाऱ्याचं घर होतं. त्याची बायको माझी सोबतीण. तिच्या पोरीच्या लग्नाचं दळण मी दळलेय, माझ्या गाद्या तिच्या माणसानं पिंजलेल्या. मग ते रझाकारांच्या गडबडीचं साल आलं. एक दिवस आडावर गेले तर पाण्याला दोन रांगा. कुणी लावल्या, कुणालाच ठाव न्हाई. मला वाटलं, रांगाच हाईत, काय होतंय. मीबी गेले गुमान एका रांगेत. ती दुसऱ्या रांगेत. पयले माझ्या माणसाला मारले. मग फौज आली, राज्य फिरलं, तवा तिच्या माणसाला मारले. दसऱ्याच्या अल्याड एक, पल्याड एक. दोघींच्या बांगड्या एका महिन्यात फुटल्या बघा अप्पा."

सांगताना तिचे हात थांबले नव्हते, सुपातले खडे निघतच होते.

"तुमचं राज्य कुठं न्यायचं ते न्या. मला त्यातलं कळत न्हाई. पण माझ्या दारात दोन रांगा मी बसू देणार न्हाई. जेवायचं तर एका वळीत बसा. न्हाई तर दुसरी खानावळ बघा."

त्या दुपारी चूल पेटली. आम्ही एका ओळीत बसलो. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही; वीस माणसांच्या भाकरी मोडण्याचा आवाज तेवढा येत होता. मला शेवटची जागा मिळाली. आठवड्याभरात नऊ पोरं दुसऱ्या खानावळीत गेली. अक्कानं कुणाला अडवलं नाही. माझा दोस्त अक्काकडंच जेवत राहिला, पण त्याची पेटी आमच्या खोलीतून तिसऱ्या घरात गेली.

दोन दिवस विचार करून मी आधी यादगीरच्या मुलाकडं गेलो. म्हटलं, माझं नाव खोड. त्यानं पुस्तकातून मान वर केली. "कागद टपालात गेला," म्हणाला, "वही आण, तुझी परीक्षा जवळ आली." तिथून मी माझ्या दोस्ताकडं गेलो. त्यानं दारातूनच सांगितलं, "यादी गेली," आणि दार लावून घेतलं. कुठल्या तरी दोन कचेऱ्यांत माझ्या त्या दोन सह्या पोचल्या असतील. त्यांच्याकडं कुणी बघितलं असेल असं वाटत नाही.

परीक्षा झाली तशी वस्ती रिकामी व्हायला लागली. मराठी पोरांपैकी बरीच जणं पुढच्या शिक्षणाला औरंगाबादेकडं निघाली होती. दोस्त निघाला त्या सकाळी टांगा त्याच्या घरासमोरून निघाला तो माझ्या दारात येऊन थांबला. तो उतरून आत आला. माझ्या बाजेवर बसला नाही, उभाच राहिला.

"मी औरंगाबादला जायलाय. तू?"

"हितंच."

"राग हाय अजून. पण बोलल्याबिगर जाणं बरं न्हाई." मग म्हणाला, "खरं सांग. तुझं गाव कुठं जावं असं वाटत होतं तुला?"

"मला ठाव न्हाई."

"मग तसंच म्हणायचं होतंस की रे. ठाव न्हाई म्हणाला असतास तर मी सही घेतलो नसतो."

मी मान हलवली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरातच, आणि बाहेर जाऊन टांग्यात बसला. त्या सकाळी मी स्टेशनवर गेलो नाही. त्याची दोन पत्रं आली, मी दोन लिहिली, पुढं ते थांबलं.

गणितात मी नापास झालो. तोच पेपर परत देण्यासाठी वस्तीतच राहिलो, यादगीरचा मुलगा रोज तास-दोन तास माझ्याशी झगडत होता, आणि या खेपेला कसाबसा सुटलो. नोव्हेंबरात राज्य बदललं. करजगी म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर मुंबई राज्यात. कन्नड पोरांनी गल्लीत साखर वाटली. मलाही कुणीतरी हातावर चिमूटभर दिली आणि मी ती खाल्ली.

तोवर निम्म्या खोल्यांत नवी पोरं आलेली होती. भिंतींवरचा चुना आणि डांबर पावसानं आधीच धुऊन नेलं होतं, याद्यांची गोष्ट नव्यांपैकी कुणाला माहीत नव्हती. माझ्या खोलीत जनवाड्याचा एक मुलगा राहायला आला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं विचारलं, "जेवणाची सोय कुठं हाय?" मी त्याला घेऊन अक्काकडं गेलो. तिनं त्याची जात विचारली, गाव विचारलं, आई आहे का ते विचारलं, आणि ताट मांडलं.