सामाईक खोलीचा वस्तरा

आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीला सगळे ‘बाईची खोली’ म्हणत. बाई म्हणजे मी. दारावर पाटी मात्र ‘सामाईक प्रयोगशाळा’ अशी होती. गोंदियातले दोन-तीन दवाखाने, तिरोडा, आमगाव, देवरी, कुठेही कोणाच्या गाठीचा नाही तर जखमेचा तुकडा काढला की तो औषधाच्या बाटलीत घालून पॅसेंजरनं किंवा मोटारीनं माझ्याकडे यायचा. नागपूरला पाठवून महिनाभर वाट पाहायची, त्यापेक्षा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी हट्टानं ही सोय उभी केली होती. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी नागपूरला शिकून आलेली, पंचविशीची, बिनलग्नाची आणि जिभेनं तिखट. कोणी चिठ्ठी न लावता बाटली पाठवली की मी उलट लिहायची, ‘तुकडा माणसाचा की बकऱ्याचा, ते कळवावे.’ डॉक्टर ते पत्र फाडायचे आणि माझ्याकडून नवं लिहून घ्यायचे.

काम सांगायला सोपं होतं. तुकडा स्पिरिटमधून काढून मेणाच्या वडीत बसवायचा आणि यंत्रावर त्या वडीचे काप घ्यायचे, इतके पातळ की बाजूला कोणी शिंकलं तर उडून जातील. काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा, मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहून कॅन्सर आहे की नाही ते सांगायचे. विड्यांचे कारखाने गावात आणि तंबाखू घराघरात, त्यामुळे बाटल्यांना खंड नव्हता. पण सगळी मदार त्या यंत्राच्या चाकूवर. चांगला वीतभर लांब, जड, आणि एकच. धार गेली की कापावर रेघा उमटायच्या. धारेसाठी तो नागपूरला गेला की तीन आठवडे त्याचं तोंड दिसायचं नाही. शेवटी वैतागून डॉक्टरांनी तो आपल्या न्हाव्यासमोर ठेवला.

त्याला सगळे उस्ताद म्हणत. वय पन्नाशीचं, दुकान स्टेशनच्या रस्त्याला. गिऱ्हाइकांशी हिंदी, आमच्याशी आपली झाडीतली बोली. त्यानं चाकू उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, “हा तं वस्तऱ्याचा आजा होय जी!” मंगळवारी दाढीला कोणी बसत नसे, म्हणून मंगळवार चाकूचा ठरला. सोमवारी संध्याकाळी तो न्यायचा, दिवसभर सिल्लीच्या दगडावर घासायचा, चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा आणि दिवेलागणीला स्वतः आणून द्यायचा. पहिल्याच खेपेला असा काप निघाला की मी खुर्चीतून उठून ओरडलेच.

पैसे मात्र घ्यायचा नाही. न्हावी न्हाव्याची दाढी फुकट करतो, तसा त्याचा हिशेब. “तुमी बी वस्तराच चालवता ना बाई? मंग आमच्याच बिरादरीतल्या झाल्या.” मी हे घरी हसत हसत सांगितलं, तर आईनं कपाळावर हात मारला. म्हणाली, “आता स्थळं कुठली येतात!” मला मात्र त्या बिरादरीचा अभिमान होता. रेघ दिसली की मी त्याला फाडून खायची, आणि तो पान खाल्ल्यासारखा लाल हसत म्हणायचा, “बाई, तुमची जीभ कोन्या सिल्लीवर घासता जी?”

एका हिवाळ्यात, धान घरात आलं होतं त्या सुमाराला, डॉक्टरांच्या लक्षात आलं की दाढी करताना उस्ताद बोलत नाही. न्हावी आणि गप्प? डॉक्टर अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उठले, उस्तादला खिडकीशी उभं केलं आणि म्हणाले, “तोंड उघड.” जिभेच्या कडेला व्रण होता. महिना झाला तरी भरत नव्हता. तंबाखू-चुना तर त्याच्या गालात मिसरूड फुटल्यापासून होताच. दोन दिवसांनी त्याच्या जिभेचा तुकडा बाटलीतून माझ्या टेबलावर आला.

त्या आठवड्यात चार वड्या तयार होत्या. त्यातली एक तिरोड्याकडच्या एका विड्या वळणाऱ्या बाईची, तिच्या स्तनातल्या गाठीची. चाकू सोमवारी उस्तादनं नेला. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी चाकू आला नाही. बुधवारी निरोप आला, सिल्ली खराब झाली. शुक्रवारी निरोप, पाहुणे आले. डॉक्टरांकडेही तो फिरकला नाही. डॉक्टर आपल्या हातानं दाढी करून गाल कापून घेऊन यायचे आणि मला विचारायचे, “चाकू?” मी सांगायची, “धार लागते आहे.” ते बिचारे विश्वास ठेवायचे.

पुढच्या मंगळवारी त्या बाईचा नवरा आला. दुसऱ्यांदा. तिरोड्याहून सकाळच्या गाडीनं येऊन पायरीवर बसला होता. तक्रार नाही, काही नाही, फक्त “झालं का जी?” एवढंच. मी पदर खोचला आणि तरातरा उस्तादच्या दुकानात गेले.

दुकान रिकामं होतं. तो खाली बसून पट्ट्यावर चाकू परजत होता. पाहताच कळत होतं की त्या पात्याला आता काहीच करायचं उरलेलं नाही. माझं डोकंच फिरलं. “लाज नाही वाटत? माणसं पायरीवर बसली आहेत तिकडे, आणि तुम्ही इथे काय करून राहिले?”

तो वर न पाहता म्हणाला, “भेव लागून राहिला बाई. हा दिला का तुमी माही जीभ कापान, अन् मंग साहेब काचेवर पाहून सांगतीन का हाये म्हणून. नाई दिला तं आज तरी माहं काई नाई.”

“अहो, तुमची एकट्याची नाही हो! चार वड्या आहेत. एका बाईचा नवरा सकाळपासून बसला आहे.”

त्याचा हात थांबला. “बाकीचे बी ह्याच चाकूवर?”

“मग काय, प्रत्येकाला वेगळा?”

“अरे देवा,” तो म्हणाला. “मले वाटलं, ह्या खेपेले माहा एकट्याचाच तुकडा हाये.” त्यानं चाकू फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात न देता स्वतः घेऊन निघाला. रस्ताभर माझ्या पुढे पळत होता म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी चारही काचा पाहिल्या. उस्तादच्या जिभेवर कॅन्सर नव्हता. एक तुटका दात घासून घासून जखम झाली होती, दात काढला की भरणार होती. मी त्याला सांगितलं आणि मलाच रडू फुटलं. त्यानं डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, “अन् त्या बाईचं?”

तिला कॅन्सर होता.

डॉक्टरांनी आठ दिवस का लागले ते विचारलं. उस्ताद हात जोडून उभा राहिला. “चूक माही, साहेब. धार तं पैल्याच दिशी लागली होती. मीच घेऊन बसलो.” डॉक्टरांनी त्याचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाले की असल्या गाठीला आठ दिवसांनी फार फरक पडत नाही. उस्तादला ते पटलं नाही. त्यानं दुकान बंद ठेवलं, त्या नवरा-बायकोला घेऊन नागपूरला गेला आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत तिथेच दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिला. ती बाई त्यानंतर तीन वर्षं जगली. दर पोळ्याला तो तिच्या घरी जायचा.

डॉक्टर विचारत होते तेव्हा मीही तिथेच उभी होते. कोणाची चूक तोंडावर सांगितल्याशिवाय मला चैन पडत नसे, पण तेव्हा माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही. माझा घरचा रस्ता उस्तादच्या दुकानावरूनच जायचा. पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी मी दारातून पाहिलं होतं, चाकू पुसून, फडक्यात गुंडाळून फळीवर तयार ठेवलेला. आत जाऊन मागायला दोन पावलं पुरे होती. त्याची जीभ मला कापायची नव्हती. मी खाली मान घालून घरी गेले, आणि पुढचे सहा दिवस रोज तशीच गेले.