सहाव्या जागेवरचं व्हॅलिन

हैदराबादच्या प्रयोगशाळेत पिपरिडिनची बाटली उघडली की सगळे तोंड फिरवायचे. पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनवताना हे रसायन रोज लागतं आणि त्याला शिळ्या मासळीसारखा वास असतो. पहिल्याच आठवड्यात तो वास माझ्या नाकात गेला आणि मला सिंदेवाहीजवळचं आमचं गाव आठवलं. बाजारातून परतलेली माय, अंगणात पालथी टाकलेली तिची टोपली आणि ती टोपली घासत बसलेली बाई. मला रडू आलं. शेजारी काम करणाऱ्या मुलीला वाटलं, वाफ डोळ्यांत गेली. तिनं मला नळाखाली डोळे धुवायला लावले. मी निमूट धुतले.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बाबा गावच्या तलावात मासे धरायचे, माय मरळ आणि झिंगे घेऊन बाजाराला जायची आणि घर बाईच्या हातात असायचं. पण वर्षातून चार-पाच वेळा बाई आडवी पडायची. हात, पाय, कंबर, छाती, सगळी हाडं आतून कोणी ठेचल्यासारखी दुखायची. ती ओरडायची नाही. भिंतीकडे तोंड करून गोधडीचा कोपरा दातांत धरायची. कोणी म्हणायचं वात आहे, कोणी म्हणायचं बाहेरची बाधा आहे. माय तेल गरम करून चोळायची, आणि रात्री कधीतरी तिचा हात चोळता चोळता थांबायचा.

अभ्यासात बाई माझ्याहून हुशार होती. हे मी बरं दिसावं म्हणून लिहीत नाही. रसायनशास्त्राची समीकरणं मला तिनंच शिकवली, ओट्यावर कोळशानं लिहून. बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यात तिचं दुखणं उसळलं. एक पेपर तिनं दिला, रसायनशास्त्राचा. बाबांनी तिला सायकलवर बसवून नेलं होतं. बाकीचे राहिले. पुढच्या वर्षीही तेच झालं. मग माझी दहावी झाल्यावर तिनं आपल्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या.

"तू चंद्रपूरले जाय कालेजात," ती म्हणाली. "मले हॉस्टेल झेपणार नाई. तू शिक, आन् काय शिकली ते मले येऊन सांगत जाय."

मी सांगत गेले. दर सुट्टीत चंद्रपूरहून गोंदियाच्या गाडीत बसायची, सिंदेवाहीला उतरायची आणि घरी पोचल्यावर चहा व्हायच्या आत बाई विचारायची, "बोल, काय झालं या महिन्यात?" मला एखादी गोष्ट नीट समजली नसली तर ती दोन प्रश्नांत पकडायची. माझ्या प्राध्यापकांना ते कधी जमलं नाही.

मी एमएस्सीला असताना गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं. महिन्याभरानं कागद आले. बाईला सिकलसेल होता. मी, माय आणि बाबा नुसते वाहक. बाई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. इतकी वर्षं त्या दुखण्याला नाव नव्हतं.

त्याच वर्षी आम्हाला हिमोग्लोबिन शिकवलं होतं. मी ओट्यावर बसून तिला समजावलं. रक्तातलं हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. त्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असायला पाहिजे, बाईच्या रक्तात तिथं व्हॅलिन आहे. एवढा एकच फरक. पण त्यामुळे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटतं, रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नसांमध्ये अडकते.

बाईनं ओट्यावर बोटानं विळ्यासारखी एक वाकडी रेघ काढली. मग म्हणाली, "म्हणजे बाहेरचं काई नोहतं."

"नाई," मी म्हटलं.

"मायले सांग मंग. माह्या सांगण्यावर तिचा भरोसा नाई बसणार."

पीएचडीसाठी हैदराबादला गेले तेव्हा मी विषय ठरवूनच गेले होते. हिमोग्लोबिनच्या त्या चिकट जागेवर आधीच जाऊन बसेल, म्हणजे दुसऱ्याला तिथं चिकटू देणार नाही, असं छोटं पेप्टाइड बनवायचं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "कठीण आहे, पण कर." राळेच्या बारीक मण्यांना पहिलं अमिनो आम्ल जोडायचं, धुवायचं, त्यावर दुसरं जोडायचं, पुन्हा धुवायचं. प्रत्येक जोडणीनंतर चार मणी काढून तपासायचे. मणी निळे पडले तर जोडणी अर्धवट, पुन्हा करायची. मी हजारदा तरी ते मणी पाहिले असतील. व्हॅलिनची जोडणी हमखास अडायची. व्हॅलिनच्या बाटलीशी माझं मनातल्या मनात भांडण चालायचं.

तिसऱ्या वर्षी काचनळीत ते जमलं. सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या व्हायला हव्या होत्या त्या पेशी गोल राहिल्या. मी सरांना सांगायच्या आधी बाहेर जाऊन गावातल्या दुकानात फोन लावला आणि बाईला फोनवर बोलावून घेतलं.

दिवाळीला घरी जाताना मी एका बारीक कुपीत थोडं पेप्टाइड नेलं. नियमात बसत नव्हतं, तरी नेलं. गोठवून वाळवल्यावर ते सावरीच्या कापसासारखं हलकं, पांढरंशुभ्र होतं. बाईनं कुपी उजेडात धरली.

"हे तू बनवलं?"

"हो."

"मी घेऊ का हे?"

"नाई, बाई. अजून औषध झालं नाई ते."

"कधी होईल?"

"चार-पाच वर्षं."

ती हसली. "मी इथीच हाय," म्हणाली, आणि कुपी मला परत दिली.

पुढची तीन वर्षं मी त्या पेप्टाइडमागे घालवली. रक्तात टाकलं की काही मिनिटांत त्याचे तुकडे व्हायचे. मी टोकं बदलली, साखळी वळवून तिचं कडं केलं, एकेक अमिनो आम्ल उलटं बसवून पाहिलं. मग ते टिकलं, पण आता ते पेशीच्या आत जाईना. बाहेर थांबलेल्या औषधाचा उपयोग काय? एका दुपारी सरांनी मला बसवून सांगितलं की प्रबंध लिहायला पुरेसं झालं आहे, आता थांब. त्यांचं बरोबर होतं.

आता जे लिहायचं आहे ते मी फार जणांना सांगितलेलं नाही. त्या सहा वर्षांत सिकलसेलवरच्या एका जुन्या औषधाबद्दल मी वाचलं होतं. हायड्रॉक्सियुरिया. मूठभर अणूंचा साधा रेणू, एमएस्सीच्या पोरीनं दुपारभरात बनवावा इतका. मूळचं कर्करोगाचं औषध, पण सिकलसेलच्या रोग्यांची दुखणी त्यानं कमी होत होती. तो लेख माझ्या फायलीत होता. मी त्याच्या कडेला टीपही केली होती. पण बाईला ते औषध देणाऱ्या एखाद्या डॉक्टरांकडे घेऊन जावं, हे मनात येऊनही मी पुढं ढकलत गेले. म्हणायची, विषारी आहे, रक्त वारंवार तपासावं लागेल, गावात कोण करणार. ही कारणं खोटी नव्हती. तरी तेवढीच कारणं नव्हती.

शेवटी चंद्रपूरच्या एका डॉक्टरांनीच बाईला ती गोळी सुरू केली, एका मोठ्या दुखण्यानंतर. मी तिथं नव्हतेही. सहा महिन्यांनी मायचा फोन आला. "बाई बजारात बसून राह्यली आता," ती म्हणाली. "एवढ्या थंडीत एक डाव पडली नाई."

पुढच्या वर्षी बाई हैदराबादला आली, बल्लारशाहून एकटी गाडीत बसून. सदतिसाव्या वर्षी आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास. प्रबंध झाल्यावरही मी त्याच प्रयोगशाळेत होते; ती मी तिला दाखवली. तिनं प्रत्येक यंत्राचं नाव विचारलं, व्हॅलिनची बाटली हातात घेऊन लेबल वाचलं आणि जागेवर ठेवली. मग आम्ही बाहेर पायरीवर डबा खायला बसलो. तिनं घरून झिंग्यांची चटणी आणली होती. तिथं मी तिला सांगितलं.

"बाई, या गोळीबद्दल मले आधीच माहीत होतं."

"कवापासून?"

"चार वर्षांपासून तरी."

ती भाकर मोडत होती, मोडत राहिली. "मंग काऊन नाई सांगितलं?"

उत्तर तिनं स्वतःच दिलं. "तुले तुयंच औषध द्यायचं होतं मले."

आवाजात राग नव्हता. गणितातली चूक सापडल्यावर ती असंच बोलायची. मग तिनं चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि संध्याकाळी चारमिनार पाहायला जायचं ना, म्हणून विचारलं. आम्ही गेलो. तिनं बांगड्या घेतल्या, मायसाठी आणि स्वतःसाठी. दोन तास चालली, कुठेही बसली नाही. मला अजून ती आठवते ती त्या गर्दीतली, माझ्या चार पावलं पुढे, मागे वळून मला "चाल ना" म्हणणारी.

तिला एकूण चार चांगली वर्षं मिळाली. पाचव्या हिवाळ्यात छातीत संसर्ग झाला. मी चंद्रपूरला पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती, नाकावर ऑक्सिजन. दोन दिवस मी जवळ होते. बोलणं तिला जड जात होतं, म्हणून मीच बोलले, त्या महिन्यात काय काय झालं ते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मी नंतर एका औषध कंपनीत गेले. मधुमेहावरचं एक पेप्टाइड आमच्या हातून बाजारात आलं. आम्ही पुष्कळ जण होतो, माझा वाटा साखळी शुद्ध करण्याचा. लोकांना त्याचा गुण येतो. ते बाजारात आलं त्या दिवशी कंपनीत पेढे वाटले. मी माझा पेढा तासभर टेबलावर तसाच ठेवून बसले होते. हे ज्या माणसाला सांगायचं, ज्यानं दोन प्रश्नांत माझी कच्ची जागा पकडायची, ते माणूसच नव्हतं. कामात काही जमलं की तिला सांगायची ओढ अजूनही येते. अपयशाच्या दिवशी तितकी येत नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांचे डोळे दाखवायला त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाबा आत होते, मी बाकावर बसले. शेजारी एक आई आणि तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. मुलीच्या हातात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. मी न राहवून म्हटलं, "पाणी भरपूर पी बरं. शाळेतही बाटली नेत जा."

"तुमी डॉक्टर हाय का?" आईनं विचारलं.

"नाई. माझी बहीण घेत होती या गोळ्या."

"फरक पडला का तिले?"

"हो. खूप पडला. बाजारात बसायला लागली, एकटी हैदराबादपर्यंत आली."

मुलगी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहू लागली. "मले बी जमन का एकटीनं?" तिनं विचारलं.

"जमन," मी म्हटलं.

ती आता कशी आहे, हे आई विचारणार होती, मला तिच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला. दोघी उठल्या. मुलगी दारापर्यंत जाऊन थांबली, तिनं आईला आधी आत जाऊ दिलं आणि मग पडदा सारून आपली आपण आत गेली.